हॅचरीचा हात

बेलफोर्ड, मिझूरी
२९ मे १९९४, रविवार

रॉइस,

‘प्रिय’ लिहायला हात धजावला नाही, म्हणून नुसतं नाव.

काल इस्पितळातून एका नर्सचा फोन आला. "तुमचे भाऊ छपरावरून पडलेत. कंबर मोडलीय, पाठीला प्लास्टर आहे. तीन महिने तरी हलता येणार नाही." मी विचारलं, शुद्धीवर आहे का? तर म्हणाली, "आहेत तर! सकाळपासून एकच धोशा लावलाय. मिस ओपलला पाणी द्या, आणि लॉरीनला कळवू नका. पण कागदावर नातेवाईक म्हणून तुमचाच नंबर आहे, मग मी तरी काय करू?" बिचारी! मी म्हटलं, तुम्ही बरोबर केलंत. आम्ही भावंडं अशीच आहोत.

त्यानंतर मी दोनदा फोन केला. एकदा दुपारी चारला, एकदा सकाळी दहाला. दोन्ही वेळा तू झोपलेला होतास म्हणे. बरं, पत्र लिहिते. फेकून द्यायचं म्हटलं तरी पत्र आधी हातात घ्यावं लागतं.

किल्ली कुंडीखालीच होती. अकरा वर्षांत तीही जागा तू बदलली नाहीस. मला वाटलं होतं, मिस ओपल म्हणजे मांजर असेल. बशीत दूध घेऊन मी खोलीभर ‘ये ये’ करत फिरले आणि मग काचेच्या पेटीत ती दिसली. आईचं नाव सापाला दिलंस, रॉइस? मी तिथेच तुला दोन शिव्या हासडल्या. आपल्या गावात प्रत्येक मागच्या दाराशी जी कुदळ असते ती कुणासाठी असते हे तुला ठाऊक आहे. कोंबड्यांवर जगणारं गाव आहे हे. अंडी गिळणाऱ्यांना इथे कुणी नावं ठेवत नाही, म्हणजे लाडाची.

पण खरं सांगते. तिनं मान उचलून माझ्याकडे पाहिलं आणि मी दुधाची बशी हातात तशीच धरून उभी राहिले. वीटकरी रंग, त्यावर काळ्या काठांचे लाल ठिपके, आणि एक खवला वाकडा नाही. एवढं नीटनेटकं जनावर मी जन्मात पाहिलं नव्हतं. पोटाशी जाड झालीय. पेटीवर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी आहे: ‘अंडी ५ ते १० जूनला. नर हिवाळ्यात गेला. हीच शेवटची.’ शेजारी नऊ वह्या, वर्षाला एक. आठ वर्षं तू फिक्या रंगाची पिल्लं मिळवायला धडपडतोयस आणि आता सगळं या एका पोटावर आलंय, एवढं मला पहिल्याच पानावर कळलं.

अंडी मी उबवते. नको असेल तर नर्सजवळ निरोप ठेव. निरोप आला नाही तर तुझी हरकत नाही असं धरून चालेन.

लॉरीन

३ जून

रॉइस,

निरोप आला नाही.

इन्क्युबेटर उभा राहिला. तळघरात तुझा तो मेलेला फ्रिज पाहिला आणि डोकं कुणाचं चाललंय ते कळलं. दाराचं रबर अजून घट्ट, आत मागच्या भिंतीला गरम होणारी पट्टी, वरच्या कप्प्यात थर्मोस्टॅट. तो थर्मोस्टॅट मी ओळखला. आपल्या हॅचरीतल्या तीन नंबरच्या उबवणी मशीनचा, भंगारात काढलेला. हॅचरीनं फेकलेल्या वस्तूंमधून तू घरात एक छोटी हॅचरी उभी केलीस, आणि मी इथून चार गल्ल्यांवर राहते, तरी मला त्याचा पत्ता नाही.

दारावर घंटाही आहे. आतली उष्णता कमी-जास्त झाली की वाजणारी. तीही ओळखली. तिच्याबद्दल नंतर कधीतरी.

वहीत तू ब्याऐंशी अंश फॅरनहाइट लिहिलंयस. मी तीनदा चष्मा पुसला. तीस वर्षं मी शंभर अंशांवर अंडी उबवली. ब्याऐंशी ही काय उबवणी झाली? जूनमध्ये माझ्या स्वयंपाकघरात एवढं असतं. तुझ्या मेहुण्याला, ऑर्व्हिलला, सांगितलं तर म्हणाला, "मग माझ्या टोपीत ठेव की. विजेचा खर्च वाचेल." तो तळघराच्या जिन्यावर तिसऱ्या पायरीपर्यंतच येतो. तिथून विचारतो, "आयुष्यभर कोंबड्यांची पिल्लं काढलीस, आता ती खाणाऱ्यांची काढणार?" मी म्हटलं, हो, म्हणजे हिशेब जुळला.

व्हर्मिक्युलाइट, ती कुंड्यांत घालायची भुशी, आणायला क्लेमच्या दुकानात गेले. क्लेमनं हॅचरीतला मुकादमपणा सोडून पेंडीचं दुकान टाकलंय, पण आवाज अजून मुकादमाचाच. बाकावर नेहमीचे तिघे बसले होते.

"लॉरीन, एवढं कशाला गं? कुंड्या किती भरणार आहेस?"

"कुंड्या नाहीत. सापाची अंडी ठेवायची आहेत."

क्लेमनं गोणी परत खाली ठेवली. "रॉइसच्या सापांची? तू?"

"का? माझ्या हातून कधी अंडं वाया गेलंय?"

रॉइस, हे माझ्या तोंडून सहज गेलं. क्लेम माझ्याकडे बघतच राहिला, मग म्हणाला, "नाही बाई. तुझ्या हातून नाही." त्यानं गोणी गाडीत टाकून दिली. मी घरी येईपर्यंत रेडिओ लावला नाही.

ती अभ्रकासारखी चमचमणारी भुशी वहीत लिहिल्याप्रमाणे भिजवली. मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि एखादाच थेंब गळावा. मला वाटलं होतं सोपं आहे. सहा वेळा पाणी जास्त झालं, सहा वेळा वाळवली. बुटांच्या प्लास्टिकच्या डब्यांना भोकं पाडली, खालच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या, म्हणजे दार उघडलं तरी उष्णता एकदम पडत नाही. अंडी नसताना तीन दिवस मशीन रिकामं चालवलं, हे आपलं हॅचरीचं. ब्याऐंशी, ब्याऐंशी, साडेएक्क्याऐंशी. अभिमान वाटला, तुझा जास्त.

लॉरीन

८ जून

रॉइस,

काल घातली. चौदा!

ओल्या शेवाळाच्या डब्यात सकाळी नऊला सुरू केलं आणि दुपारी अडीचला संपवलं. मी समोर स्टूल टाकून बसले होते. हजारो कोंबड्यांची अंडी हाताळली, पण कुणाला ती घालताना असं शांतपणे पाहिलं नव्हतं. कोंबडी किती बोभाटा करते! ही अंगाला फक्त एक लाट येऊ द्यायची आणि थांबायची. संपल्यावर सगळ्यांभोवती वेटोळं घालून हनुवटी त्यावर टेकली. तिला बाजूला करताना मला अपराधी वाटलं. हो, मी उचलली तिला. दोन्ही हातांनी. कोरडी आणि थंड असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

अंडी मऊ, चामड्याच्या पाकिटासारखी. ती एकमेकांना चिकटत होती. ओल्या बोटांनी नऊ हलकेच सोडवली. पाच मात्र सुटेनात, त्यांचा झुबकाच झाला होता. ओढाताण केली असती तर फाटली असती, म्हणून तो झुबका तसाच दुसऱ्या डब्यात ठेवला. वहीत लिहिलंयस तशी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीची खूण केली. बाकी सांगायची गरज नाही, हात आपोआप चालतो.

तू ओपलचं वजन दर महिन्याला लिहून ठेवतोस. तिनं कधी खाल्लं नाही, कधी कात टाकताना शेपटीशी अडकली, तेव्हा तू कोमट पाण्यात हात धरून किती वेळ बसलास. आईच्या आजारपणात मी एवढं टिपून ठेवलं नव्हतं.

लॉरीन

२० जून

रॉइस,

सगळं ठीक आहे. ब्याऐंशी. ओपलनं उंदीर खाल्ला.

एक विचारायचं होतं. ९४ सालच्या वहीत तू खुणेबद्दल एकच ओळ का लिहिलीस? जरा सविस्तर लिहायला काय झालं होतं? वही काय फक्त तुलाच वाचायची असते?

इथे ऊन फार आहे.

लॉरीन

२२ जून

रॉइस,

परवाचं पत्र खोटं होतं. सगळं ठीक नाही.

मी अंडी फिरवली. पेन्सिलीची खूण दिसली की माझ्यासारख्या बाईला दुसरं काही सुचतच नाही. आपण एका अंगाला फुली करतो, दुसऱ्या अंगाला गोल, आणि दिवसातून तीनदा फिरवतो. फिरवलं नाही तर पिल्लू कवचाला चिकटून मरतं. अठराव्या वर्षापासून हेच केलं. इथेही तेच केलं. ती नऊ सुटी अंडी, बारा दिवस, रोज तीनदा, बोटांच्या टोकांनी, किती प्रेमानं! झुबका फिरवता येईना म्हणून त्याला हात लावला नाही. त्याचंच मला वाईट वाटायचं, त्या पाचांची हेळसांड होतेय म्हणून.

एकोणीस तारखेला अंधार करून टॉर्चवर धरून पाहिली. झुबक्यातल्या पाचांत लाल शिरांचं जाळं, झाडाच्या पानासारखं. नऊमध्ये काही नाही. नुसतं पिवळं पाणी, आणि दोन अंडी खचलेली. मी जुन्या वह्या काढून बसले. ८६ सालच्या पहिल्या वहीत सापडलं. सापाचं पिल्लू कवचाला वरच्या बाजूनं धरून बसतं, आणि अंडं उलटलं की बुडतं. खूण वर राहावी म्हणून असते, कधीच फिरवू नये म्हणून. त्याखाली तुझ्या अक्षरात: ‘पहिली बारा अंडी मीच फिरवून मारली. हॅचरीचा हात. लॉरीनला सांगितलं असतं तर पोट धरून हसली असती.’

मी तळघराच्या फरशीवर बसून रडले, रॉइस. तुझ्या आठ वर्षांतली नऊ अंडी मी घालवली, आणि मग बसून तुला लिहिलं, सगळं ठीक आहे. आणि तेव्हा मला दिसलं की ही माझी सवयच आहे.

म्हणून घंटेबद्दल लिहिते.

त्र्याऐंशीच्या ईस्टरच्या रविवारी तू म्हणालास, "सिस, माझी पाळी घेशील? टेकडीवरच्या कपारीतून आज साप बाहेर निघतील." मी घेतली. पाळीच्या फळ्यावर नाव तुझंच राहिलं. मशीनचा पट्टा तुटला, पंखे थांबले, आणि चारपर्यंत छत्तीस हजार अंडी शिजली. क्लेमनं फळा पाहिला आणि तुला काढलं. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मी वजनकाट्याकडे. ऑर्व्हिलची नोकरी गेली होती, मुलं लहान होती. हे तुला माहीत होतं, म्हणून तू तोंडातून ब्र काढला नाहीस. इथपर्यंत तुला माहीत आहे.

तुला माहीत नाही ते हे. मी तुला सांगितलं होतं की घंटा वाजलीच नाही. घंटा वाजणार कशी? ती मीच बंद केली होती. ईस्टरची पिल्लं घ्यायला सगळा तालुका लोटला होता, मशीनचं दार सारखं उघडायचं, उष्णता पडली की घंटा वाजायची, मला गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येईना. बटण खाली केलं. नंतर वर करायचं राहिलं.

आणि मग गप्प राहण्यावर मी थांबलेच नाही. चर्चच्या पायऱ्यांवर लोक विचारायचे, तेव्हा मी मान हलवायचे. आई विचारायची, "रॉइस असा बेफिकीर कसा गं निघाला?" मी म्हणायचे, "असतो गं एखादा." ती तेच मनात घेऊन गेली. छत्तीस हजारांचं एक वेळ राहू दे. हे कसं फेडू ते मला कळत नाही.

पाच अंडी आहेत. त्यांच्याकडे आता फक्त बघते.

लॉरीन

इस्पितळ
२८ जून

लॉरीन,

पाचही पत्रं परवा वाचली. तोवर न उघडता खणात टाकत होतो. नर्स म्हणाली, खण बंद होत नाही.

छत्तीस हजारांवरून नऊवर आलीस. सुधारणा आहे.

ती घंटा मी त्याच आठवड्यात भंगारातून आणली. का वाजली नाही ते पाहायला दोन दिवस खोलून बसलो. तार शाबूत, बॅटरी शाबूत, बिघाड सापडेना. तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण तू खोटं बोलली असशील हे डोक्यातच आलं नाही. आता कळलं, तर राग यायला हवा. यायचा असेल तर येईल, मला इथे वेळच वेळ आहे.

आईला मी सांगितलं होतं. शेवटच्या आठवड्यात. पाळी बदलली होती एवढंच. ती म्हणाली, "मग लॉरीन मला का नाही सांगत?" मी म्हटलं, सांगेल. तिनं तुझी वाट पाहिली. हे तुला लिहावं की नाही यावर दोन दिवस घालवले. पण आता खरं बोलायचंच ठरलंय तर दोन्हीकडून बोलू.

नऊ अंडी तशीच राहू दे, बुरशी धरली तरच काढ. जुलैत तळघर तापतं. नव्वदच्या वर गेलं तर बाटल्यांत बर्फ घाल. पिल्लू नाक बाहेर काढून दीड दिवस तसंच बसतं. ओढून काढायचं नाही. तुझा हात शिवशिवेल.

यंदाच्या वहीच्या शेवटी सगळ्या वर्षांचा तक्ता आहे, त्यात शेवटचा रकाना ‘पाळीवर कोण’. हॅचरीतली सवय. यंदाचा तू भर. पेन्सिलीनं नको.

रॉइस

९ ऑगस्ट

प्रिय रॉइस,

तुझं पत्र आलं त्यानंतर मी तुला सहा आठवडे लिहिलं नाही. रोज सुरू करायचे आणि आईच्या त्या प्रश्नाशी येऊन थांबायचे. तिनं वाट पाहिली, आणि मी रोज तिला सूप भरवत होते. तू लिहिलंस ते बरं केलंस.

आधी पाचांचं सांगते.

परवा सकाळी तळघरात उतरले. झुबक्यातल्या वरच्या अंड्यावर ब्लेडनं मारावी तशी बारीक चीर, आणि त्यातून एक नाक. मिरीएवढं! मी पालथ्या बादलीवर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. शिवशिवतच होते. कोंबडीचं पिल्लू कसं धडपडतं, थकतं, ओरडतं. हे नाक बाहेर काढून जगाकडे नुसतं बघत होतं. मग जीभ काढली. मग आत गेलं, परत आलं. एवढीशी वस्तू आणि घाई म्हणून नाही. तुला त्यांच्यात काय दिसतं हे मला अकरा वर्षं कळलं नव्हतं, ते त्या बादलीवर कळलं. ऑर्व्हिल तिसऱ्या पायरीवरून विचारत होता, "आलं का? आलं का?" शेवटी राहवेना, तो खालीच उतरला. माझ्याशेजारी फरशीवर बसला आणि म्हणाला, "टोपीत मावलं असतं गं."

काल संध्याकाळपर्यंत पाचही बाहेर आली. चार आईसारखी. पाचवं वेगळं आहे, कोवळ्या कणसाच्या दाण्यासारखं, लाल कुठेच नाही. वहीत लिहिलंयस की पहिली कात टाकेपर्यंत रंगावर विश्वास ठेवू नये. म्हणून मी काही म्हणत नाही. पण बघायला चारदा खाली जाऊन आले.

दुसरं. आज सकाळी क्लेमच्या दुकानात गेले. बाकावर तिघंही होते, आणि ते असावेत म्हणूनच ती वेळ निवडली होती. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पाळी माझी होती, घंटा मी बंद केली. क्लेम पेंडीचा डाव हातात धरून ऐकत होता. मग म्हणाला, "त्याचं नाव फळ्यावरून मी स्वतः पुसलं, लॉरीन. एका शब्दानं विचारलं नाही त्याला." मग माझ्यावर ओरडला, अगदी मुकादमासारखा, गिऱ्हाइकांदेखत, अकरा वर्षांचं साठवून. मी ऐकून घेतलं. बाकावरचा एक जण माझ्याशी न बोलता उठून गेला. असे आणखी जातील. शेवटी क्लेमनं विचारलं, "इस्पितळात भेटायची वेळ काय असते?" रविवारी तो येतोय. तू झोपलेला नसलास तर बरं.

मी यायचं असेल तर तू सांगशील तेव्हा. फोन करणार नाही.

ती नऊ मी मागच्या अंगणात, आईनं लावलेल्या लायलॅकच्या झुडपाखाली पुरली. कुदळ दाराशीच होती.

मग वहीतला तो तक्ता उघडला. तुझ्या आठ ओळी आहेत, आणि शेवटच्या रकान्यात आठदा तुझं नाव. माझं अक्षर तुझ्यासारखं बारीक येत नाही, रकान्याबाहेर गेलंय, त्याबद्दल माफ कर. शाईनं लिहिलंय.

घातली: १४. गेली: ९. फुटली: ५. पाळीवर: लॉरीन.

तुझी,
सिस